पंधरापर्यंत

साथ ओसरली आणि दवाखान्याला टेलरकाकूंची आठवण झाली. अडीच वर्षं ज्यांनी तोंड दाखवलं नव्हतं, त्यांचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून दम्याचं इंजेक्शन घरी मिळणार नाही. दर चार आठवड्यांनी दवाखान्याच्या दमा विभागात येऊन सिस्टरकडूनच टोचून घ्यावं. काकूंनी पत्र दोनदा वाचलं आणि शिलाई मशीनच्या खणात मोडक्या सुयांच्या डबीखाली ठेवून दिलं.

"बरं झालं," मुलगा म्हणाला. "तिथं डॉक्टर असतात. माझ्या जिवाला घोर नाही."

"दमा तुझ्या जिवाला आहे का माझ्या?"

काकूंचा दमा साधासुधा नव्हता. पंपाला तो भीक घालत नसे. मग गोळ्या. त्या गोळ्यांनी चेहरा फुगवला, हाडं ठिसूळ केली, आणि एकदा नुसत्या दाराला धडकून मनगट मोडलं, तेव्हा दोन महिने मशीन बंद होतं. पुढे हे नवं इंजेक्शन आलं आणि काकू पहिल्यांदा मध्ये न थांबता जिना चढल्या. पण त्याच्यासाठी अख्खा दिवस मोडायचा, मुलाने रजा काढायची. रजा मिळाली नाही की तारीख हुकायची, छाती आवळायची आणि पुन्हा त्याच गोळ्या. हे सगळं साथीच्या आधीचं.

साथीत विभागाला कुलूप लागलं, खाटा साथीच्या रुग्णांना गेल्या. एक दिवस सिस्टरचा फोन आला. "काकू, घरी स्वतः टोचायला शिकाल का? मी व्हिडिओवर बघते." काकूंनी तोंड उघडायच्या आत मुलाने फोन काढून घेतला आणि सांगितलं, "तिला नाही जमणार."

चाळीस वर्षं सुई धरलेल्या बाईबद्दल तो हे बोलला. काकूंना ते इतकं झोंबलं की त्यांनी फोन परत हिसकावून घेतला. "शिकवा," त्या म्हणाल्या.

आणि पहिल्याच सरावाला चुकल्या. इंजेक्शनचं रिकामं पेन मांडीवर दाबलं, टक् झालं, आणि त्यांनी ते झटकन उचललं. "औषध सगळं मांडीवरून ओघळलं असतं," सिस्टर म्हणाली. "दुसरं टक् येईपर्यंत हलायचं नाही. पंधरापर्यंत मोजा." सुई आत गेली की वर आलीच पाहिजे, हे काकूंच्या हातात मुरलेलं होतं. थांबणं त्या हाताला ठाऊकच नव्हतं. आठवडाभर त्यांनी उशीवर सराव केला.

खऱ्या इंजेक्शनच्या दिवशी त्यांनी खोलीला आतून कडी घातली. फोनवर सिस्टर, दारावर मुलगा. "आई, दार उघड. हात थरथरला तर?" काकूंनी पेन दाबलं आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मोजायला लागल्या. तो दार वाजवत राहिला, त्या मोजत राहिल्या. पंधरा झाले, पेन उचललं, कडी काढली. "झालं. चहा ठेव."

फोनवर सिस्टर म्हणाली, "काकू, पंधरा आकडे तुम्ही एका दमात म्हणालात."

तेव्हापासून काकू रोज सकाळी एका दमात मोजत आणि आकडा कॅलेंडरवर लिहीत. एकदा नऊवरच अडकल्या, तेव्हा छाती पुरती भरायच्या आत त्यांनीच सिस्टरला फोन केला आणि दुखणं तिथेच आवरलं. बत्तीस इंजेक्शनं, एकही तारीख हुकली नाही.

ठरल्या दिवशी काकू दवाखान्यात गेल्या, कॅलेंडरं आणि ते पत्र पिशवीत घालून. मुलगा सोबत आला, त्यांनी बोलावलं नसताना. डॉक्टर नवे आणि तरुण होते. ट्रेमध्ये पेन तयार होतं, शेजारी तीच सिस्टर.

"आजी, घरी काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"तुमच्याकडे खाट नव्हती तेव्हा कोणाची होती?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"वेगळी कशी? तेव्हा मला येत होतं आणि आता येत नाही, असं कधी झालं?" काकूंनी कॅलेंडरं टेबलावर टाकली. "हे बघा. तुम्ही मला महिन्यातून एकदा बघणार. मी मला रोज बघते."

डॉक्टरांनी पानं उलटली, पण ट्रेकडे बोट केलं. "आजचं तरी सिस्टर देतील."

काकूंनी हात लांब करून पेन उचललं, पदर सारखा केला आणि साडीखालून मांडीवर दाबलं. टक्. "एक, दोन, तीन." सिस्टर जागची हलली नाही. डॉक्टर काहीतरी म्हणाले, काकूंनी ऐकलं नाही. सातवर कोणीतरी बाहेरून दार ढकललं.

मुलाने ते पाठीने लोटलं आणि कडी घातली. "थांबा जरा," तो बाहेर ओरडला. "आई मोजतेय."

काकूंचा हात जागचा हलला नाही. दुसरं टक् झालं. पंधरापर्यंत त्या एकाच दमात गेल्या. मग त्यांनी रिकामं पेन ट्रेमध्ये ठेवलं आणि पिशवीतून दवाखान्याचं पत्र काढून डॉक्टरांपुढे सरकवलं.

"इथं खाली लिहा," त्या म्हणाल्या. "'इंजेक्शन घरीच घेतील.' आणि सही करा."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं, मग कॅलेंडरांकडे, आणि लिहायला घेतलं.