मी एक शब्द बोलली नाही

मेहकरले मी पोरापोरींले बोलणं शिकवते. हसू नका. मुलाखतीत बसावं कसं, हात कुठं ठेवावे, समोरच्याच्या डोळ्यात पाहून उत्तर काऊन द्यावं, सारं शिकवते. न बोलताही माणूस किती बोलते, याच्यावर दोन तास भाषण झाडते. पोरं मले धम्मशीला मॅडम म्हणतात. आग लागो त्या मॅडमले!

माझी माय सिंधूताई. डोणगावजवळच्या आमच्या गावात शाळेची खिचडी शिजवायची, दहा वर्षं झाली. यंदा कोठीतले तेलाचे दोन डबे कमी भरले अन् सगळ्याइची बोटं मायकडं वळली. कोठीची चावी मायजवळ कधीच नव्हती. ती राह्यते प्रेमजवळ. प्रेम शाळा समितीचा अध्यक्ष, पण सभेत त्याच्या खुर्चीवर बसते त्याचा बाप भगवंतराव, अन् बोलतेही तोच. भीमनगरातल्या बाईच्या हातचं गावची पोरं खातात, हे त्याच्या घशाखाली कधी उतरलंच नाही.

सोमवारी मायले सभेत बोलावलं होतं. रविवारी मी गावी गेली अन् मायले खुर्चीवर बसवलं. मी झाली भगवंतराव.

"मान वर कर माय. खाली पाह्यलं का माणूस चोर वाटते."

"मोठ्या माणसाकडं अशी टकामका पाहू? लोक काय म्हणतीन?"

"तू काही केलं का?"

"नाही व बाई."

"मंग पाह्य ना!"

चार-पाचदा ती पदर तोंडाले लावून हसली. मंग जमलं तिले. पाठ सरळ, हात मांडीवर, नजर समोर. बापा, काय दिसत होती माझी माय! मले वाटलं, झालं आपलं काम.

सोमवारी शाळेत गेलो. मायनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली अन् भगवंतरावसमोर बसली. त्या माणसापुढं ती जन्मात खुर्चीवर बसली नव्हती. मी दारात उभी राह्यली. प्रेम बापाच्या मागं उभा राहून मोबाईल पाहून राह्यला होता.

"तेल कुठं गेलं, सिंधे?"

माय त्याच्या डोळ्यात पाहून म्हणाली, "चावी प्रेमभाऊजवळ असते. त्यालेच इचारा."

आवाज चढला नाही, हात हलला नाही. माझ्या क्लासातल्या एकाही पोरीले असं जमलं नाही आजपर्यंत.

अन् मी काय पाह्यलं? भगवंतरावचा जबडा आवळला. प्रेमचा अंगठा मोबाईलवर थांबला. हेडगुरुजींनी पेनाले टोपण लावलं. हे वाचाचंच तर शिकवते मी! मले साफ दिसलं, का आता मायचं काम जाते. इतकंच नाही, हे लोक तिले गावात नांदू देणार नाहीत. मी शिकवलेलं तिच्यावरच उलटलं.

भगवंतरावनं मायकडचं तोंड फिरवलं अन् माझ्याकडं पाह्यलं. मी हात जोडले, मान खाली घातली. बस, तेवढंच. कसे जोडले गेले ते हात, मले आजही समजत नाही.

"पाहा," भगवंतराव म्हणाला. "पोरगी शिकेल हाय, तिले कळते. लिहा गुरुजी."

गुरुजींनी टोपण काढलं, लिहिलं अन् वाचून दाखवलं. 'सदर महिलेच्या मुलीने सर्वांसमक्ष हात जोडून चूक मान्य केली. सबब महिलेस कामावरून कमी करण्यात येत आहे.'

"मी कुठं मान्य केली?" मी ओरडली. "मी एक शब्द बोलली नाही!"

"बोलाले काय लागते?" भगवंतराव हसला. "सारं दिसलं ना सगळ्याइले."

प्रेमही हसला. मंग माझं तोंड सुटलं. चावीचं काढलं, डब्यांचं काढलं, बापलेकाले नाही नाही ते बोलली. कोण ऐकते? गुरुजींनी रजिस्टर बंद केलं. माय खुर्चीवरून उठली, खुर्ची परत कोपऱ्यात ठेवली अन् बाहेर निघाली.

रस्त्यानं ती भराभरा पुढं चालली. मीच बोलत होती. अर्ज करू, बीडीओले भेटू, बुलडाण्याले जाऊ. घरी आल्यावर तिनं पानी पेलं, मले देलं अन् माझ्यासमोर बसली.

"धम्मा, तुले बी वाटलं का, म्या तेल नेलं?"

"नाही माय! कसं बोलतं! तुझं काम वाचावं म्हणून, भीतीनं..."

मायनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाह्यलं. मी लय बोलली, शपथा घेतल्या, रडली. ती सारं ऐकून घेत होती अन् मान हलवत होती. पण तिले ते पटलं नाही.