जळत्या बर्फाचा चुना

मुळशीजवळच्या माले गावातल्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्वालागिरी महाराजांनी पितळी ताटातल्या बर्फाच्या चुऱ्याला निरांजन टेकवलं आणि बर्फ भडाभडा पेटला! बायकांनी हात जोडले. मला शिसारी आली.

"मुळशीच्या धरणाखाली जलदेवीनं हा जळता बर्फ साठवलाय!" महाराज गरजले. "जपानी तो समुद्रातून काढू लागले, तुम्हाला कळेना! काठावर आश्रम होऊ द्या, घरोघरच्या चुली फुकट पेटतील."

आश्रमाला हवं होतं धोंडाबाईंचं काठावरचं भातखाचर. सत्तरीतल्या या विधवेचं पोट त्यावरच चालतं. पण त्यांचा मुलगा किशोर बक्षीसपत्र आणि शाईचा पॅड घेऊन मंडपात त्यांच्या शेजारीच बसला होता.

त्यात बावधनहून आलेला मनीष नावाचा संगणक अभियंता व्हिडिओ काढत म्हणाला, "जेन्युइन आहे हे! मिथेन हायड्रेट. बंगालच्या उपसागरात सापडलंय, मी वाचलंय." अर्धवट वाचून साक्ष देणाऱ्यांची तर मला जास्तच किळस येते.

पौडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या हेमलताबाई उठल्या. "मिथेनचा बर्फ खरा आहे. उद्याचं इंधन म्हणून त्यावर संशोधनही चालू आहे. पण तो टिकतो समुद्रात शेकडो मीटर खोल, थंडीत आणि प्रचंड दाबाखाली. आपल्या धरणात तेवढा दाब कुठला? शिवाय तो जळला की मागे पाणी उरतं. महाराज, तुमच्या ताटात काय उरलंय?"

ताटात पांढरा रबडा होता. महाराजांनी घाईघाईनं त्यावर हळद टाकली. रबडा लाल झाला.

"देवीचं कुंकू!" भक्त ओरडले.

धोंडाबाईंच्या अंगठ्याला शाई लागली होती. कागदाशी नेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"आवं, कसलं कुंकू? हळदीत चुना कालवला की लालच व्हतंय. जलमभर पान-चुन्याची चंची बाळगलीया मी. ह्यो चुना हाय!"

"चुनाच," हेमलताबाई म्हणाल्या. "बर्फाखाली कार्बाइडचे खडे ठेवलेत, चोरून आंबे पिकवायला वापरतात ते. पाणी लागलं की त्यातून वायू निघतो, तो पेटतो. मागे चुना राहतो." त्यांनी चौरंगामागचा डबा उघडला. आत खडेच होते.

महाराज देवीचा कोप, देवीचा कोप म्हणत चपला शोधू लागले.

"पन आये, बर्फ पेटला की!" किशोर अजून तिथंच.

"पेटला की. आन् चुना मला लागत व्हता," म्हणत धोंडाबाईंनी अंगठा पदराला पुसला.

लोकहो, विज्ञानाचं नाव घेतलं म्हणून बुवा शास्त्रज्ञ होत नाही. जाळ बघून हात जोडू नका. अंगठा उठवण्याआधी ताटात काय उरलं ते बघा.