‘टेर्ना’तून आलेलं उत्तर

‘टेर्ना’ ही पाणबुडी १९५८च्या ऑक्टोबरात धुक्यात खडकावर आपटली आणि स्कालविकच्या खाडीत बुडाली. सोळा जण पुढच्या झाकणातून निसटले. मागच्या खोलीत सात जण राहिले. पाच आठवड्यांनी पाणबुडी वर काढली, तेव्हा ते सातही तिथेच होते.

आता ती बंदरातल्या जुन्या गोदीत, पत्र्याच्या उंच छपराखाली उभी आहे. तिच्या पोटाला दार पाडलंय, लोक त्यातून आत जातात, वाकून वाकून फिरतात, डोकी आपटून घेतात. या संग्रहालयाचा कारभार अकरा वर्षं इंग्यरकडे होता. म्हाताऱ्या खलाशांना गाठायचं, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्या लोकांना ऐकवायच्या, यात ती रमायची. पाहुण्याने हेडफोन कानाला लावला की ज्याने ते भोगलं त्याचाच आवाज यावा, असं तिचं म्हणणं. पाट्या कोण वाचतं?

दुर्घटनेला साठ वर्षं पूर्ण होणार म्हणून तिने तोर्लाइवला गाठलं. बुडालेल्या ‘टेर्ना’पर्यंत पोहोचलेला पहिला पाणबुड्या तोच. तेव्हा बावीसचा होता, आता ब्याऐंशीचा. काटक, मितभाषी, कोट बंद गळ्याचा. मागच्या खोलीतल्या लोखंडी बाकावर बसून त्याने सगळं सांगितलं. डोक्यावरचं पितळी शिरस्त्राण, गार पडलेली बोटं, खालचा काळोख.

“पत्र्यापाशी पोचलो,” तो म्हणाला. “हातोडीने तीनदा ठोकलं. कान देऊन थांबलो. उत्तर आलं नाही.”

हे सगळ्यांना ठाऊकच होतं. सात जण पहिल्या लोंढ्यातच गेले, असं पुस्तकात होतं, पाटीवरही होतं. त्याच्याच शब्दावर शोध थांबवला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्यर आपल्या खोलीत ते ध्वनिमुद्रण ऐकत बसली. ‘तीनदा ठोकलं. कान देऊन थांबलो.’ त्यानंतर म्हातारा जरा थांबला होता. त्या थांबण्यात लोखंडावर ठोके ऐकू आले. सावकाश, एकसारखे. सात. मग त्याचा आवाज, ‘उत्तर आलं नाही.’

तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आपण त्याच्या समोर हातभरावर बसलो होतो. असं काही झालं असतं तर दचकलो नसतो का?

तिने एस्किलला बोलावलं. आवाजाची सगळी यंत्रं तोच सांभाळायचा.

“म्हातारबांची कवळी वाजत असेल,” तो म्हणाला.

“सात वेळा? मोजून?”

“थंडी होती ना, बाई.” त्याने हसत हेडफोन चढवले. ऐकता ऐकता त्याचं हसू मावळलं. “गोदीत कोणी काम करत होतं?”

“सोमवार होता. कुलूप होतं.”

“बरं, काढून टाकतो. दहा मिनिटांचं काम.”

दहा मिनिटांचे दोन तास झाले. एस्किल ठोके पुसायचा, पडद्यावरची रेघ सपाट व्हायची. पुन्हा लावलं की ठोके असायचेच. उलट दरवेळी थोडे जवळून आल्यासारखे वाटायचे. शेवटी त्याने हेडफोन टेबलावर ठेवले आणि हात पँटला पुसले. “घरी जाऊन घ्या परत त्यांचं बोलणं,” तो म्हणाला. “पाणबुडीत नको.”

म्हणून गुरुवारी दुपारी ती तोर्लाइवच्या स्वयंपाकघरात बसली. खिडकीत ऊन होतं, ओट्यावर कॉफीची किटली होती, सगळीकडे लाकूड. लोखंड म्हणावं तर चमचे तेवढे. त्याने तेच पुन्हा सांगितलं. घरी पोचेपर्यंतही तिला धीर निघेना. समुद्राकाठच्या रस्त्यावर गाडी उभी करून तिने तिथेच ऐकायला सुरुवात केली.

तीनदा ठोकलं. कान देऊन थांबलो. आणि सात ठोके. या खेपेस तो ‘उत्तर आलं नाही’ म्हणत असतानाही ते चालूच होते, त्याच्या शब्दांच्या वर. शब्द नीट ऐकूही येत नव्हते.

तिने तिथूनच गाडी वळवली.

तोर्लाइवने दार उघडलं. “काय राहिलं?”

“तुम्ही हे ऐकायला हवं,” ती म्हणाली.

तो टेबलाशी बसला. तिने त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले. आधी तो स्वतःचा आवाज ऐकून ओशाळल्यासारखा झाला. मग त्याचा चेहरा उतरत गेला, ओठ पांढरे पडले. त्याने हेडफोन काढले नाहीत. तिने यंत्र बंद केलं तरी तो तसाच बसून होता.

“बंद केलंय मी,” इंग्यर म्हणाली.

“माहीत आहे.” त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “कोणाकोणाला ऐकू आलं?”

“मला आणि एस्किलला.”

“मलाही आलं होतं,” तो म्हणाला. “तेव्हाच.”

त्याने कपातली गार कॉफी बाजूला सारली.

“मी तीनदा ठोकलं आणि आतून सात ठोके आले. वाटलं, भास असेल. परत ठोकलं. परत सात. आपण सात आहोत, हेच सांगत होते ते. माझा दोर खडकात अडकला होता, प्रवाह ओढत होता, मी दोनदा उलटा झालो होतो. वरून शिरस्त्राणातल्या फोनवर विचारलं, ‘काही आवाज?’ हो म्हटलं असतं तर हवेची नळी घेऊन मलाच परत खाली यावं लागलं असतं. दुसरा पाणबुड्या आजारी होता. मी नाही म्हणालो. एक शब्द. नंतर वादळ आलं आणि सगळे म्हणाले, पोराने जिवावर उदार होऊन केलं. पदक दिलं मला.”

“हे इतकी वर्षं कोणालाच...”

“बायकोलाही नाही.” त्याने यंत्राकडे बोट केलं. “ते लाव. आता नीट सांगतो. आणि माझ्या नावासकट लोकांना ऐकव.”

“तोर्लाइव, साठाव्या स्मरणदिनाला त्या सातांच्या घरची माणसं येणार आहेत.”

“म्हणूनच.”

त्याने सगळं पुन्हा सांगितलं, काही न गाळता. एस्किलने ते दुसऱ्या दिवशी तीनदा ऐकलं. ‘आतून सात ठोके आले,’ असं म्हातारा म्हणत होता, आणि त्यामागे भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीखेरीज काही नव्हतं. मग त्याने आधीची दोन ध्वनिमुद्रणं लावून पाहिली. ती आता अथपासून इतिपर्यंत मुकी होती. म्हाताऱ्याचा आवाजसुद्धा नव्हता.

इंग्यरने जुनी पाटी उतरवली आणि मृतांच्या सगळ्या कुटुंबांना आधी पत्रं लिहिली. एका पुतण्याने फोनवर तिला नको नको ते सुनावलं. दोघांनी कळवलं की येत नाही. बोर्गिलकडून उत्तरच आलं नाही, पण स्मरणदिनी ती सर्वांआधी संग्रहालयाच्या दारात उभी होती. त्या सातांतल्या ऑडवारची ती धाकटी बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हातात काठी, डोक्याला लोकरी टोपी.

तिने हेडफोन लावला आणि उभ्यानेच सगळं ऐकलं. तोर्लाइव चार पावलांवर टोपी हातात घेऊन उभा होता. आलेली चाळीसेक माणसं आपोआप बाजूला झाली.

“किती वेळ ठोकत होते?” तिने विचारलं.

“मला माहीत नाही. मी वर आलो. नंतर ऐकायला कोणी गेलंच नाही.”

“एका क्षणात संपलं, असं आईला सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर ती वीस वर्षं जगली.” बोर्गिलचा आवाज चढला नाही. “आणि मी साठ. आज तेही नेलंस तू.”

“हो,” तोर्लाइव म्हणाला.

त्याला आणखी काही बोलायचं असावं, पण तिने काठी उचलून त्याला थांबवलं. “मला आत ने. तूच ने.”

इंग्यर त्यांच्या मागे गेली. दोन म्हातारी माणसं एकमेकांना न शिवता, पाइपांना धरत धरत मागच्या खोलीत पोचली. गोदीत ऑक्टोबरचा गारठा होता, तोंडातून वाफ निघत होती. बोर्गिल बाकावर बसली. हातमोजा काढून तिने हात पत्र्यावर ठेवला आणि चटकन मागे घेतला. मग पुन्हा ठेवला.

“इथे गरम आहे,” ती म्हणाली.

इंग्यरला वाटलं, म्हातारीचा जीव घाबरा झालाय. तिने हात लावून पाहिला. पत्रा सगळीकडे बर्फासारखा होता. फक्त बोर्गिलच्या तळव्याशेजारी, भाकरीएवढी जागा गरम होती. नुकतंच कोणी पाठ टेकून उठावं तशी. पलीकडच्या बाजूला काही नव्हतं, ना दिवा, ना तार. तिने स्वतः बाहेर जाऊन पाहिलं. परत आली तेव्हा बोर्गिलने तिथे गाल टेकला होता आणि डोळे मिटले होते. बाहेर लोक कुजबुजत होते, पण आत यायला कोणी धजत नव्हतं.

बऱ्याच वेळाने बोर्गिलने डोळे उघडले. “ये,” ती तोर्लाइवला म्हणाली. “लाव हात.”

त्याने लावला. इंग्यर त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्याने तळवा नीट सपाट केला, जागा बदलली, तिच्या हाताच्या अगदी शेजारी आणला.

“थंड आहे,” तो म्हणाला.

बोर्गिलने हातमोजा चढवला आणि काठीवर भार देऊन उठली. “मी तुला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली. “मला अजून पुष्कळ विचारायचंय. उद्या दहाला इथेच ये.”

दुसऱ्या दिवशी इंग्यर कुलूप काढायला आली तेव्हा साडेनऊही वाजले नव्हते. तोर्लाइव दाराशी उभा होता, उजवा हातमोजा आधीच काढून.