प्रकाश माझा, रंग तिचे

मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, आणि गेली एकतीस वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवतो. हसा खुशाल. लग्नानंतर चौथ्या दिवशी आमच्या हिला हे कळलं, तेव्हा तीही पोट धरून हसली होती. एका पायात लाल आणि एका पायात हिरवा मोजा घालून मी सासऱ्यांना भेटायला निघालो होतो. "अहो, हे म्हणजे बहिऱ्याने गाण्याचा क्लास काढण्यातला प्रकार झाला!" म्हणाली. मग डोळे पुसून तिने माझे सगळे मोजे पलंगावर ओतले आणि जोड्या लावून दिल्या.

तेव्हापासून घरचा कायदा ठरला: प्रकाश माझा, रंग तिचे. दिवे कुठे लावायचे, गिऱ्हाइकाची मान किती वळवायची, बटण कधी दाबायचं हे मी बघणार. गालांचा, कपड्यांचा, आकाशाचा रंग ती बघणार. आधी बारीक ब्रशने, पुढे कॉम्प्युटरवर. मागे लावायच्या पडद्यांच्या कोपऱ्याला तिने माझ्यासाठी दोरे शिवले. एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा. निळा-पिवळा मला कळतो, तेवढी देवाची कृपा. बाहेर या कानाची त्या कानाला खबर नाही. मी तिच्या रंगांत नाक खुपसलं नाही आणि तिने प्रकाशावरून माझ्याशी कधी वाद घातला नाही.

तळ्याचं खूळ एकोणीस वर्षांपूर्वीचं. एक गृहस्थ त्यांच्या वडिलांचा जुना काळा-पांढरा फोटो घेऊन आले. वाळवंटात एक मोठं तळं, काठावर वडील, हातात टोपी. "रंगवून द्या," म्हणाले. हिने आठवडाभर खपून रंगवला. वाळू सोनेरी, पाणी निळंशार. गृहस्थ न्यायला आले तेव्हा ती आतल्या खोलीत होती. फोटो बघून खूश झाले, आणि दारातून जाता जाता म्हणाले, "पाणी मात्र तिथलं असं नसतं हो." मी शहाण्याने "हो का?" म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

"मग कसं असतं?" तिने बाहेर येऊन विचारलं.

"ते नाही विचारलं."

"धन्य आहात!"

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. फोटोच्या मागे तळ्याचं नाव होतं, ते तेवढं तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. दर वर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवायची. मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, "आई, फोनवर ढिगाने फोटो आहेत, बघ ना." ही ताडकन म्हणाली, "प्रत्येकावर कुणीतरी बसून रंग चढवलाय. मला धंदा शिकवू नकोस. मी माझ्या डोळ्यांनी बघणार." आणि मी? मी दर वर्षी म्हणायचो, बघू.

मग गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला आत तपासलं आणि नंतर मलाही आत बोलावलं. डोळ्यांमागची नस सुकत चालली होती. "आधी रंग जातील, मग बाकीचं," ते म्हणाले. "किती दिवस, ते कुणीच सांगू शकत नाही."

बाहेर पायरीवर ती थांबली. पर्समधून रुमाल काढला, पण रडली नाही. "पुढच्या आठवड्यात तळ्याला जाऊ," म्हणाली.

इथे मी माझी अक्कल पाजळली. चौकशी केली, नकाशे आणले, वाऱ्याचे तक्ते बघितले. आत्ता तिथे दिवसभर वारा, पाण्यावर सुरकुत्या, हवेत धूळ. तीन महिन्यांनी वारा पडतो. सूर्य वर यायच्या जरा आधी पाणी काचेसारखं होतं. असा प्रकाश मी आयुष्यात टिपला नव्हता. पासपोर्टचे चेहरे काढून काढून माझंही आयुष्य चाललंच होतं ना!

"एवढं लांब जायचं तर नीट जाऊ," मी म्हटलं. "तीन महिन्यांत डोळे काही पळून जात नाहीत."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. जीभ झडली कशी नाही, देव जाणे. "प्रकाशाचं तुम्हाला कळतं," ती म्हणाली, आणि विषय संपला.

मी तर गुडघ्याला बाशिंग बांधून कामाला लागलो. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो उचललाच नाही. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. शेवटच्या गावापर्यंत बस, पुढे सत्तर किलोमीटर जीप. पाण्याचे चार कॅन. काठाला ओला खारट चिखल असतो, म्हणून कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायांना लाकडी चकत्या बसवून घेतल्या. मित्राची भारी लेन्स मागून आणली, पहाटे गच्चीवर जाऊन तिची तालीम केली. ही यादी वाचायची, गरम कपडे बाजूला काढायची आणि म्हणायची, "नवरदेवासारखे नटताय अगदी." इतका आनंदात मी लग्नातही नव्हतो.

त्या दिवसांत एकदा मी तिला पडद्याचा कोपरा बोटांनी चाचपताना पाहिलं. वाटलं, धूळ झटकतेय. ती गाठी मोजत होती.

निघायला अकरा दिवस राहिले होते. सकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. वर्गांचे फोटो आम्ही नुकतेच दिले होते. त्यांनी लिफाफा काउंटरवर पालथा केला. "तुमच्या बाई डोळ्यांत तेल घालून काम करतात असं ऐकून आले होते मी! हे काय आहे?"

मी फोटो उचलला. चाळीस मुलं, तीन रांगा. सगळे स्पष्ट, कुणाचे डोळे मिटलेले नाहीत, प्रकाश झकास. "काय झालं बाई?"

"काय झालं? अहो, मुलांचे चेहरे हिरवे आहेत! एकूण एक! पालक हसतायत मला. दोघांपैकी एकालाही दिसलं नाही?"

मी हिच्याकडे वळलो. या प्रांतात मी नेहमी तिच्याकडेच वळतो. तिने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे धरला. मग हळूच माझ्याकडे बघितलं. विचारत होती ती. मला! हिरवे आहेत का, म्हणून.

मी बाईंची माफी मागितली, फोटो दुसरीकडून नीट करून देतो म्हटलं, त्यांना दारापर्यंत सोडलं आणि स्टुडिओला आतून कडी लावली.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. आधी फिकं झालं. आता सगळं त्या तळ्यावाल्या काकांच्या फोटोसारखं दिसतं. रंगवायच्या आधीच्या."

"आणि तू बोलली नाहीस? महिनाभर? मी इथे लाकडाच्या चकत्या घासत बसलो होतो आणि तू..."

"ओरडू नका." ती स्टुलावर बसली. "मला वाटलं, तळ्यापर्यंत रंग पुरतील. पुरतील असं वाटलं हो. आणि तुम्ही इतके खुशीत होतात."

मी तिच्या पायाशी बसून रडलो. साठीला आलेला माणूस, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या कंगव्या-आरशासमोर हुंदके देऊन रडलो. तिच्या पहिल्या शब्दाला बॅग उचलली असती, तर वारा असता, धूळ असती, फोटो भिकार आला असता आणि तिने पाणी पाहिलं असतं.

मी म्हटलं, जायचं रद्द करू. ती म्हणाली, "एकोणीस कॅलेंडरं लिहिलीत मी. मुकाट्याने चला."

गेलो. सगळं यादीप्रमाणे झालं, एक गोष्ट चुकली नाही. पहाटे जीप काठावर थांबली. वारा नव्हता. मी तिला हात धरून उतरवलं, चिखलापर्यंत नेलं. उजाडायला लागलं आणि पाणी दिसलं. डोंगर त्यात जसाच्या तसा उलटा. माझा हिशेब मिनिटाला बरोबर आला होता.

"निळं आहे?" तिने विचारलं.

निळं मला कळतं. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण एकतीस वर्षांत रंगांच्या बाबतीत मी तिला कधी फसवलं नव्हतं. "नाही," म्हटलं. "निळं नाही. पुढचं मला कळत नाही गं."

"म्हणजे ते काका खरं बोलत होते." ती हसली. "चुकलेच होते मी."

मागे जीपवाला उभा होता. भला माणूस, त्याला राहवलं नाही. "ताई, मी सांगतो ना, पाणी आज एकदम..."

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की तो दचकून मागे सरला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "रागावू नका भाऊ. मला रंग बघायचा होता. ऐकायचा नव्हता."

मी तिकाटण्याजवळ नुसताच उभा होतो. हात उचलत नव्हता. कॅमेऱ्याचा आवाज येईना, तेव्हा माझ्याकडे मान वळवून ती म्हणाली, "काढताय ना? आटपा. प्रकाश जाईल."

काढले. मग सूर्य वर आला, वारा सुटला, पाण्यावर सुरकुत्या पडल्या आणि मी घड्याळ बघितलं. ज्याच्यासाठी मी तिला तीन महिने थांबवून ठेवलं, तो प्रकाश बावीस मिनिटं होता.