एल्वाच्या खोलीतला धूर

सासूबाई पुन्हा सिगारेट ओढताहेत, याबद्दल रोंडाला तिळमात्र शंका नव्हती. नाक काय खोटं बोलतं? हुऑन नदीच्या खोऱ्यात थंडी पडली, नवऱ्याने, क्लाइव्हने, खालच्या जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडं जाळायची लोखंडी शेगडी बसवली, घर कसं छान उबदार झालं, आणि नेमका तेव्हापासून वर एल्वाच्या खोलीत धुराचा वास! त्यात खिडकी सताड उघडी. वर सकाळी म्हातारीचं डोकं दुखतं म्हणे. दुखेल नाही तर काय!

"एल्वा, खरं सांगा. पाकीट कुठे लपवलंय?"

"अगं बाई, न्यूमोनिया झाला तेव्हाच सोडली मी. शोध हवं तर. गादी उसव."

रोंडाने गादी उसवली नाही एवढंच. कोटाचे खिसे, बूट, विणकामाची पिशवी, सगळं पालथं घातलं. काही सापडेना, तसा संशय आणखीच बळावला. केवढी बेरकी बाई!

"तुझ्या आईला सांग काहीतरी," जेवताना ती नवऱ्यावर खेकसली. "एक दिवस घर पेटवून देईल."

क्लाइव्हने ताटातून मान वर काढली नाही. "जाऊ दे ना. म्हातारी आहे."

हे 'जाऊ दे' रोंडाला चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिने वरच्या खिडकीला सरळ स्क्रू मारले. धूर सोडायला जागाच नको, मग बघू कशी ओढते!

सकाळी एल्वा चहाला उतरली नाही. रोंडा तणतणत वर गेली. म्हातारी पलंगाच्या कडेला आडवी पडलेली, उशीवर ओकारी पडलेली. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. खोलीत थोटूक नाही, राख नाही. पलंगामागे वरची फायरप्लेस कधीकाळी फळी ठोकून बंद केली होती. त्या फळीच्या कडांना काजळी धरली होती, ताजी.

रोंडाने फळीला नाक लावलं. तोच वास! तिने खुर्ची उचलून खिडकीची काच फोडली.

"क्लाइव्ह! शेगडी विझव आणि वर ये!"

दोघांनी म्हातारीला उचलून व्हरांड्यात आणलं, रजईत गुंडाळलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला. मोकळ्या हवेत एल्वाला हळूहळू भान आलं.

"शेगडीचा पाइप कुठवर नेलास?" रोंडाने विचारलं.

"वरपर्यंत."

"चिमणीच्या तोंडापर्यंत? माझ्याकडे बघून बोल."

"एक तुकडा आत खुपसला," क्लाइव्ह म्हणाला. "पुढे जुनं धुराडं होतंच की आयतं. आतल्या विटा ढासळून खालचं आणि वरचं धुराडं एक झालंय, हे मला काय माहीत?"

"इतके दिवस मी तुझ्या आईला चोर ठरवत होते आणि तू ऐकत होतास! एकदाही तो पाइप आठवला नाही?"

"आठवला होता." क्लाइव्हचा आवाज एकदम बारीक झाला. "पण तू इतक्या खात्रीने बोलत होतीस... पाइपचा दोष नाही म्हणून मला बरं वाटलं."

रोंडाला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण स्क्रू तर तिनेच मारले होते. मारणार कुठल्या तोंडाने? तिने रडत सासूचा हात धरला. एल्वाने तो सोडवून घेतला. मग लेकाने हात पुढे केला, तोही तिने धरला नाही.