गोवर उतरल्यावर

चार जिने चढून नर्सबाईंच्या पायांचे तुकडे पडले होते, आणि दारातली आई म्हणत होती, "गोवर काय, येतो नि जातो. त्याला लस कशाला?"

बाई पायरीवरच टेकल्या. "जाताना घर धुऊन नेतो अगं. बाकीच्या आजारांशी लढायला अंग जे शिकलेलं असतं, तेही विसरतं. लस घेतली की ती शिकवणी शाबूत राहते."

"कुणी सांगितलं?"

बाई चष्मा पुसत राहिल्या. वॉर्डात असताना गोवर उतरलेल्या एका पोरीला त्यांनीच 'ठणठणीत' असा शेरा देऊन घरी धाडलं होतं. दोन महिन्यांनी न्यूमोनियानं दगावलेल्यांत तिचं नाव लिहिणारा हातही त्यांचाच होता.

"एका पोरीनं," त्या म्हणाल्या. "बाळाची बाही वर कर."