पाणी चोवीस तास, चूल नाही

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे आणि सध्या मी फार रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब स्वभावाच्या असतात. त्या झिजतात, सोसतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझा पिंड तसा नाही. आत वाफ कोंडली की ओरडायचं, हेच काम मला जन्मापासून दिलेलं आहे. तेव्हा ऐकून घ्या.

जन्माचं फार सांगत नाही. अॅल्युमिनियमचा पत्रा, पाच लिटरचं पोट, काळा दांडा. अकरा वर्षांपूर्वी लातूरच्या गंजगोलाईतल्या एका दुकानातून उमाबाईंनी मला घेतलं. त्यांनी झाकण चार वेळा लावून-काढून पाहिलं, बुडाला टिचक्या मारल्या, पन्नास रुपये तोडून घेतले आणि मगच पिशवीत घातलं. उमाबाई शिरूर अनंतपाळच्या. त्यांचे यजमान ईश्वरप्पा यांचं तिथे कापडाचं दुकान. मंजुषा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती अकरावीला लातूरच्या क्लासला लागली, तशा उमाबाई तिच्यासोबत खोली करून राहायला आल्या. आमच्याकडे ही रीतच आहे. बाप गावी दुकान सांभाळतो आणि आई मुलांच्या पोटासाठी लातुरात बिऱ्हाड मांडते. त्या बिऱ्हाडातलं पहिलं भांडं मी.

त्या वेळी खोलीवरून घरात मोठा वाद झाला होता. उमाबाईंचे धाकटे भाऊ मल्लिनाथ लातुरातच राहतात. विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणं हाच त्यांचा धंदा. रिंगरोडच्या पलीकडे त्यांची तीन मजली इमारत आहे आणि तिला स्वतःचं बोअर आहे. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे बोअरवाल्या घरमालकाचा रुबाब काय वर्णावा! मल्लिनाथ म्हणाले, "आक्का, फुकट राहा. पाणी चोवीस तास हाय." उमाबाईंनी मान हलवली. "पोरीचा क्लास सकाळी साडेसहाला हाय, मल्लू. तिनं एवढ्या लांबून कवा उठावं आन् कवा जावं?" त्यांनी क्लासच्या मागच्या गल्लीत एक अंधारी खोली घेतली. पाणी खालच्या हौदातून दोन मजले चढवून आणावं लागायचं. दोन वर्षं त्या माऊलीने घागरी वाहिल्या, आणि मंजुषा क्लास सुटल्यावर पाच मिनिटांत गरम वरणभातावर येऊन बसायची. ते माझे सोन्याचे दिवस. मुलगी जेवताना "कुकरचा भात मोकळा झालाय" म्हणायची, तेव्हा मला कारखान्याच्या शिक्क्यापेक्षा ते मोठं वाटायचं.

पुढे ती नर्सिंग शिकली. लातुरातच दोन वर्षं नोकरी केली. पहाटे उठून जर्मन भाषा घोकली, परीक्षा दिल्या आणि गेल्या वर्षी तिला जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. शिरूरच्या घरात पेढे वाटले गेले. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग घर निवडायची वेळ आली आणि माझं डोकं फिरलं.

दवाखान्याने तिला शेजारच्याच वसतिगृहात एक खोली देऊ केली होती. भाडं महिना चारशे ऐंशी युरो. त्यातच वीज, त्यातच खोली गरम ठेवण्याचा खर्च, आणि मजल्यावर सगळ्यांना मिळून स्वयंपाकघर. ईश्वरप्पांनी चारशे ऐंशीला शंभराने गुणलं आणि लोडावरून उठूनच बसले. "अठ्ठेचाळीस हजार? एका खोलीला? एवढ्यात तर शिरूरला अख्खा वाडा मिळंल की!" अहो, पण शिरूरच्या वाड्यातून जर्मनीतल्या दवाखान्यात कसं जायचं? हे कोणी विचारलं नाही. मला विचारायची सोय नव्हती.

खोल्यांतले जाणकार म्हणून मल्लिनाथांना बोलावलं गेलं. त्यांनी मोबाइलवर जर्मन जाहिराती उघडल्या, मजकूर मराठीत उलटवून घेतला आणि प्रत्येक घराला पहिला प्रश्न विचारला, "पाणी कसं हाय?" तिसऱ्या दिवशी त्यांना हवं ते सापडलं. शहराबाहेरच्या एका खेड्यात स्वतंत्र घर, भाडं तीनशे युरो आणि पाणी भाड्यातच. "दाजी, चोवीस तास पाणी! वरून एकशे ऐंशी युरोची बचत. म्हंजी महिन्याला अठरा हजार!" दोघांनी एकमेकांना टाळी दिली. जिथे झाडून सगळ्या घरांना चोवीस तास पाणी असतं, तिथे पाणी पाहून घर घेणाऱ्या या शहाण्यांना काय म्हणावं?

मंजुषा तिथेच बसली होती. ती एकदाच म्हणाली, "मामा, तिथून दवाखाना किती लांब हाय?" मल्लिनाथ म्हणाले, "आगं तिकडं काय, गाड्या लई फास्ट असत्यात." ईश्वरप्पा म्हणाले, "तू कामाचं बघ. घराचं आमी बघायलोत." उमाबाई आत माझ्याशेजारी भाकरी थापत होत्या. त्यांनी ऐकलं, पण बाहेरच्या देशातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून गप्प बसल्या. त्यांचाही मला राग आला. राग आला तर तो सगळ्यांवर येतो, मी पक्षपात करत नाही.

निघताना उमाबाईंनी माझ्या पोटात मोहरी-जिऱ्याच्या पुड्या आणि हळद ठेवली, वर लातूरच्या वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि झाकण लावून सुतळीने आवळलं. अशा थाटात मी विमानात बसलो.

आता त्या घरात काय होतं ते ऐका. खोली होती, खिडकी होती, नळ उघडला की पाणी धो-धो होतं. आणि स्वयंपाकघराच्या जागी एक कोरी भिंत होती. ओटा नाही, शेगडी नाही, कपाट नाही. त्या देशात पुष्कळ घरं अशीच भाड्याने देतात. ज्याने त्याने आपलं स्वयंपाकघर विकत आणून बसवायचं, आणि त्याला दीड-दोन हजार युरो सहज लागतात. तीन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून आधीच गेलेलं. साधी विजेची शेगडी घ्यावी, तर घरमालकाने बजावून ठेवलेलं की आगीची भीती आहे, खोलीत सुटी शेगडी चालणार नाही. मंजुषाने मला खिडकीत ठेवलं. पाच लिटरचा कुकर आणि चूल नाही! मित्रांनो, याहून मोठा अपमान कुकराच्या जातीचा झाला नसेल.

पण माझा अपमान बाजूला ठेवा. मुलीचं पाहा. सकाळची पाळी सहाला सुरू व्हायची. गावातली पहिली बस धरली तर दवाखान्यात पोचायला सहा वाजून दहा मिनिटं व्हायची. म्हणून ती बस सोडून चार किलोमीटर पायी चालत पुढच्या स्टेशनावर जायची. रविवारी तर गाडीच नसायची, तेव्हा टॅक्सी करायची आणि त्या दिवसाची निम्मी कमाई तिथेच द्यायची. घर गरम ठेवण्याचा खर्च भाड्यात धरलेला नव्हता, त्याचं बिल वेगळं. गाडीचा पास वेगळा. अठरा हजारांची बचत दुसऱ्याच महिन्यात उडाली आणि वरून खिशातले जायला लागले. ती किटलीत पाणी उकळून त्यात मिळेल ते भिजवायची, नाहीतर पाव आणि केळं खाऊन झोपायची. मी समोर बसून बघत होतो. काय करणार होतो मी?

नोकरीचे पहिले सहा महिने कसोटीचे होते. त्या मुदतीत दवाखान्याला पसंत पडली नाही तर तिला घरी पाठवता येतं. पहिल्या बर्फाच्या आठवड्यात ती तीनदा उशिरा पोचली. वॉर्डच्या मुख्य बाईंनी बोलावून समज दिली. पुन्हा असं झालं तर ठेवता येणार नाही, आणि एवढ्या लांबचं घर कोणी निवडलं, असंही विचारलं. त्या संध्याकाळी मंजुषा हे सगळं विशाखाला फोनवर सांगत होती. विशाखा नांदेडची, तिच्याच तुकडीत आलेली नर्स. "मग तू काय सांगितलंस?" विशाखाने विचारलं. मंजुषा म्हणाली, "मीच निवडलं, म्हणून सांगितलं."

मित्रांनो, इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. टाळ्या देणारे दोघे आपापल्या घरी जेवून निवांत बसलेले आणि दोष घेते कोण, तर जिला एका शब्दाने विचारलं नाही ती! आईवडिलांना वाईट वाटेल म्हणून घरी चकार शब्द काढला नव्हता तिने. रोज व्हिडिओ कॉलवर "जेवले" म्हणायची.

त्याच आठवड्यात विशाखाची बहीण भारतातून यायला निघाली होती. तिच्याबरोबर माझ्या झाकणाचं नवं रबर पाठवावं म्हणून उमाबाईंनी फोन केला. "मंजू, झाकण काढून दाव गं. रबर केवढं हाय ते बघते." मंजुषा दमलेली होती. तिने विचार न करता सुतळी सोडली, झाकण काढलं आणि मला फोनसमोर धरलं.

उमाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पडद्यात पाहिलं. मग म्हणाल्या, "मंजू, ह्याच्यात मी घातलेला कागद तसाच हाय की गं."

मंजुषाने मला खाली ठेवलं. नंतर तिला जे रडू फुटलं, ते मला सांगवत नाही. सगळं बोलून झाल्यावर उमाबाईंनी फोन तसाच चालू ठेवला आणि यजमानांना हाक मारली. ईश्वरप्पा पडद्यावर आले. त्यांच्या कपाळावर सकाळच्या पूजेचं भस्म होतं.

"अवो, पोरगी तीन महिन्यांपासून पावावर हाय. नोकरी जायची पाळी आलीय."

"मला काय म्हाईत? ती कवा बोलली न्हाई."

"तुमी कवा इचारलं? लातूरला खोली घेताना आपण पाणी बघितलं का? क्लास बघितला. दोन वर्सं म्या घागरी वाहिल्या, पर पोरीला चालू दिलं न्हाई. तवा जमलं, मग आता काय झालं?"

ईश्वरप्पांनी खाली पाहिलं. "माझ्या मनात यवढंच हुतं, की परदेशात लेकीच्या हातात चार पैसे राहावेत," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी रागीट असलो तरी खोटं बोलत नाही. त्यांची माया खरी होती, फक्त तिला नकाशा बघता येत नव्हता.

वसतिगृहातली ती खोली आता दुसऱ्या कुणाला गेली होती. पण विशाखाला दवाखान्यापासून पाच मिनिटांवर दोन खोल्यांचं घर मिळत होतं. स्वयंपाकघर बसवलेलं, सगळं धरून एकीला चारशे साठ. मंजुषाने पहिल्यांदाच कागदावर आपला पगार लिहिला, सगळे खर्च लिहिले आणि कुणाला न विचारता त्या घराच्या करारावर सही केली. मग घरी फोन लावला. ईश्वरप्पांनी सवयीने विचारलं, "म्हंजी रुपयांत किती झाले?"

"अप्पा, मी रुपयांत राहत न्हाई," मंजुषा म्हणाली. "पगार इथला हाय, भूक बी इथलीच हाय."

मग ईश्वरप्पा म्हणाले, "बरोबर हाय तुझं. तुला पटलं न्हवं? बास."

तर मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कुणी नोकरीसाठी दूर देशी जाल, किंवा तुमच्या घरातलं कुणी जाईल. भाडं जरूर बघा. पण ते एकटं बघू नका. पाळी किती वाजता, पहिली गाडी किती वाजता, घर गरम कशाने होणार, आणि हो, चूल आहे का, हेही बघा. घरात दहा जण मतं द्यायला बसले असतील, तर जिला तिथे राहायचं आहे तिचं मत आधी घ्या. नाही घेतलंत तर मी तुम्हाला माफ करणार नाही.

आता माझं काय झालं ते सांगतो. नव्या घरातली शेगडी इंडक्शनची, म्हणजे चुंबकाने भांडं तापवणारी निघाली. तिच्यावर अॅल्युमिनियम तापत नाही. मंजुषाने मला दोनदा ठेवून पाहिलं, हात लावून पाहिला, मी थंडच. तिने एक छोटा स्टीलचा कुकर आणला आणि माझ्यात तांदूळ भरून ठेवले. मी ओरडणार होतो. मात्र दुसऱ्या दिवशी ती दुपारची पाळी संपवून पाच मिनिटांत चालत घरी आली, विशाखाने लावून ठेवलेला गरम वरणभात वाढून घेतला आणि दुसऱ्यांदा भात घेतला. मी गप्प बसलो. घर तिच्यासाठी घेतलं होतं, माझ्यासाठी नव्हे.